आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर मुंबईत बाळगताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालेला नवखा माणूस दुकानदाराला बहुधा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत हलके कोणते. मुंबईची घामट हवा, अंगावरचा पातळ सुती सदरा आणि दिवसभराची धावपळ पाहता हा प्रश्न समजण्यासारखा आहे. तरीही माझ्या मते विचाराची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. आखूड नळीचे हलके शस्त्र कमरेला सोयीचे वाटते, पण तेच हाताला सर्वांत त्रासाचे असते, आणि जे हाताला त्रास देते त्याचा सराव माणूस टाळतो. परवाना मिळाल्यानंतर पाच-पाच वर्षे एकही काडतूस न उडवलेले परवानाधारक या शहरात मी बरेच पाहिले आहेत. त्यांच्या तिजोरीतले शस्त्र नवेकोरे असते आणि हात त्याहून कोरा असतो.

बोअर, नळी आणि वजन

बोअर म्हणजे नळीच्या आतील पोकळीचा व्यास, जो बहुधा इंचांत सांगतात. अमेरिकेत ज्याला मोठ्या बोअरचे छोटेखानी रिव्हॉल्व्हर म्हणतात ते साधारणपणे .४४ किंवा .४५ चे, बहुधा पाच काडतुसांचे असते. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाने तो नाद सोडलेला बरा. शस्त्र नियम, २०१६ नुसार .३८०, .४५५ आणि सैन्याच्या ९ मिमी काडतुसांची पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो. परदेशी शस्त्रांची खासगी आयातही अनेक वर्षांपासून जवळपास बंद आहे, त्यामुळे जुनी विलायती शस्त्रे हातोहात फिरत राहतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस थक्क होतो. व्यवहारात मुंबईकराच्या हाती सहसा येणारे रिव्हॉल्व्हर म्हणजे .३२ चे, ज्याला दुकानात सगळे ‘बत्तीस बोअर’ म्हणतात. म्हणून या लेखातील पुढचे सर्व विवेचन त्यालाच धरून आहे.

रिव्हॉल्व्हरचे हे .३२ काडतूस १८९६ सालचे आहे आणि त्याला कमी लेखण्याची चूक करू नये. पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या नेमबाजीच्या प्रकारात जगभरचे नेमबाज अचूकतेसाठी याच काडतुसाची सपाट तोंडाची गोळी पसंत करतात. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत भारताचे नेमबाज जसपाल राणा यांनी ५९० गुणांनिशी विश्वविक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात. आपल्याकडे मिळणाऱ्या अशा काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसतात. ती पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण आहे. मात्र पिस्तुलासाठीचे .३२ काडतूस वेगळे असते. ते आखूड असून त्याची कडाही वेगळ्या घडणीची असते. नाव सारखे असल्यामुळे नवख्यांची गल्लत होते, आणि रिव्हॉल्व्हरच्या कोठ्यात ते कसेबसे बसल्यासारखे वाटले तरी वापरू नये. काडतुसे घेताना ‘रिव्हॉल्व्हरचे लांब बत्तीस’ असे स्पष्ट सांगावे आणि पाकिटावरील मजकूर स्वतः वाचावा.

देशी बनावटीत निवड मर्यादित आहे. कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्याचे जुन्या वेब्ले धाटणीचे रिव्हॉल्व्हर सर्वांत प्रचलित असून ते मधोमध बिजागरीवर मोडून भरायचे असते. २०१४ साली आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असून त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे आणि त्या वेळी त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ‘प्रबल’चे वजन सुमारे ७०० ग्रॅम, नळी ७६ मिमी आणि एकूण लांबी १७७.६ मिमी आहे. त्याचा सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे कोठे असलेला फिरता भाग, बाजूला उघडतो, ही सोय कानपूरच्या आधीच्या बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हरांत नव्हती. त्याची किंमत बाजारात आली तेव्हा कर सोडून १ लाख ४० हजारांच्या घरात होती.

आता वजनाचा हिशेब करून पाहू. या काडतुसाची गोळी सुमारे ६.३५ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला साधारण २२० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. जळलेल्या दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला तरी गोळी पुढे जाताना ७०० ग्रॅमचे शस्त्र सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येते आणि ५०० ग्रॅमचे २.८ मीटर वेगाने. तळव्याला बसणारी ऊर्जा हलक्या शस्त्रात जवळपास दीडपट होते. मोठ्या माणसाच्या हाताला एक-दोन गोळ्यांना याचे काही वाटत नाही, परंतु चाळीसाव्या गोळीला अंगठ्याचे मूळ ठणकू लागते आणि त्याच्याआधीच मन कच खाऊ लागलेले असते. म्हणून जे सर्वांत जड शस्त्र दिवसभर कमरेला सहन होईल ते घ्यावे, असे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण ऐकत नाहीत.

आधी रेंज, मग अर्ज

पहिली पायरी परवाना शाखेत नाही, रेंजवर आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे आणि पनवेलला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. तेथे प्रथम दहा मीटरवरील हवाई पिस्तुलाने सुरुवात करावी. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतील हवाई शस्त्रासाठी परवाना लागत नाही, छर्रे स्वस्त असतात, आणि नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत स्थिर धरून चाप हळू दाबण्याची जी सवय हात आत्मसात करतो ती पुढे तशीच उपयोगी पडते. तीन महिने आठवड्यातून दोनदा गेल्यावरही मनात रिव्हॉल्व्हर असेल तर अर्जाकडे वळावे. अनेकांचा उत्साह या तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, आणि त्यात काही वाईट नाही.

स्वतःला काही प्रश्न येथेच विचारून घ्यावेत. घरात लहान मुले आहेत का, कोणी नैराश्याच्या काळातून जात आहे का, स्वतःला किंवा घरातील कोणाला दारूची सवय आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर ते शस्त्र घरात येण्याने घराची सुरक्षितता वाढत नाही, कमी होते. परवान्यासाठीच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात मानसिक आरोग्याची आणि व्यसनाची विशेष दखल घेतली जाते ती याचसाठी. तो रकाना ओळखीच्या डॉक्टरांकडून भरून घेण्याची पळवाट शोधणाऱ्याने स्वतःचीच फसवणूक केलेली असते.

परवान्याची वाट

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याविना बंदूक किंवा तिची काडतुसे बाळगता येत नाहीत. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांसाठी असतो. विनापरवाना शस्त्र सापडल्यास किमान दोन वर्षांची शिक्षा आहे, त्यामुळे ‘आधी घेऊन ठेवू, कागद नंतर करू’ असे सुचवणाऱ्या माणसापासून चार हात दूर राहावे.

मुंबईत परवाना देणारे प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत आणि त्यांचे कार्यालय क्रॉफर्ड मार्केटसमोर आहे. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दहिसर, मुलुंड आणि मानखुर्दच्या पुढे आपण रोजच्या बोलण्यात मुंबईच म्हणत असलो तरी ठाणे, नवी मुंबई आणि मिरा-भाईंदर, वसई-विरार यांची पोलीस आयुक्तालये वेगळी आहेत. आधार कार्डावर नालासोपाऱ्याचा पत्ता असेल आणि दुकान काळबादेवीला असेल तर अर्ज कोणत्या आयुक्तालयात करायचा ते आधीच विचारून घ्यावे. परवाना मिळाल्यानंतर घर बदलले तर तेही लेखी कळवावे लागते, आणि भाड्याच्या घरांत राहणाऱ्या या शहरात नेमके तेच विसरले जाते.

अर्ज हल्ली केंद्रीय गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरला जातो. वैयक्तिक परवान्याचा नमुना ए-१ आहे. प्रत्येक परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदीत एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो आणि तो नसलेला परवाना वैध मानला जात नाही. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीवरील छायाचित्रे, वयाचा व पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र आणि प्रशिक्षणाचा दाखला जोडावा लागतो. या प्रशिक्षणात हाताळणी, गोळीबाराची पद्धत, शस्त्राची निगा आणि साठवण व वाहतूक हे विषय नियमानेच ठरवून दिलेले आहेत. ज्यांनी तीन महिने रेंजवर घालवले आहेत त्यांना यात नवे फारसे काही शिकावे लागत नाही.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे कारण. ‘स्वसंरक्षणार्थ’ एवढा एक शब्द लिहून भागत नाही. सराफी पेढी, रोख रकमेची ने-आण, धमकीची पोलिसांत केलेली तक्रार, गावाकडील एकाकी घर, किंवा स्पर्धात्मक नेमबाजी, जे खरे असेल ते कागदपत्रांसह मांडावे. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. नियमाने अहवालासाठी ३० दिवसांची मुदत आहे, तरी मनाची तयारी अधिक काळाची ठेवावी. हवालदार इमारतीत येऊन शेजाऱ्यांना, सोसायटीच्या सचिवांना विचारतात. माझ्या वेळी वॉचमनलाही विचारले होते, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून सर्वांना बातमी होती. ज्या गोष्टीची वाच्यता होऊ नये तिची वाच्यता प्रक्रियेतच होते, हा या पद्धतीतला खरोखरीचा दोष आहे. त्यावर उपाय एवढाच, की विचारणाऱ्याला ‘अर्ज केला होता’ एवढे सांगून विषय बदलावा आणि परवाना आल्याचे कोणालाही सांगू नये. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागता येतात आणि कलम १८ प्रमाणे अपील करता येते.

दुकानातील अर्धा तास

परवान्यावर शस्त्राचा प्रकार, काडतुसांची संख्या आणि कोणत्या क्षेत्रात शस्त्र नेता येईल ते लिहिलेले असते. दुकानात जाण्याआधी हे तिन्ही रकाने नीट वाचावेत. रिव्हॉल्व्हर हाती घेतल्यावर पहिली कृती नेहमी एकच असते. नळी निर्धोक दिशेला ठेवावी, बोट चापाबाहेर ठेवावे, सिलिंडर उघडावा आणि सहाही कोठे रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावे. दुकानदाराने आताच उघडून दाखवले असेल तरीही हे करावे. अनुभवी दुकानदाराला याचा राग येत नाही. उलट तो तुमच्याशी त्यानंतर जरा मोकळेपणाने बोलू लागतो.

मग तपासणी. परवानगी घेऊन रिकामे शस्त्र घोडा चढवून आणि न चढवता, दोन्ही प्रकारे चालवून पाहावे. येथे शब्दांची गंमत आहे. मुंबईच्या बोलीत ‘घोडा’ म्हणजे अख्खे शस्त्र, परंतु कारागिराच्या भाषेत घोडा म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात करणारा मागचा खटका. चाप पूर्ण दाबून धरलेला असताना सिलिंडर हलका हलवून पाहावा. तो किंचित हलणे चालते, मात्र लटपटणे चालत नाही. सहाही कोठ्यांवर हीच परीक्षा करावी, कारण दोष बहुधा एखाद्याच कोठ्यात असतो. सिलिंडर आणि नळी यांमधली फट दिव्यासमोर धरून पाहावी. ती केसाएवढी, सगळीकडे सारखी असावी. मोडून उघडणाऱ्या शस्त्रात वरची कडी घट्ट बसते की हाताने खुळखुळते हे पाहावे. जुने शस्त्र घेत असाल तर ही कडी हीच त्याची नाडी समजावी. शस्त्रावरील क्रमांक परवान्यावरील नोंदीशी आणि पावतीशी अक्षरशः जुळवून घ्यावा, कारण एका अंकाची चूक दुरुस्त करायला महिने जातात. खरेदीनंतर ठरलेल्या मुदतीत शस्त्र प्राधिकाऱ्यांना दाखवून नोंद करून घ्यावी.

पहिली शंभर काडतुसे

कानावर मफ आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय एकही गोळी उडवू नये. हातातील शस्त्राचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि त्याने होणारी कानाची हानी भरून येत नाही. बंदिस्त रेंजवर मफच्या आत फोमचे बोळेही घालावेत.

मूठ शक्य तितकी वरून पकडावी, म्हणजे नळीची रेषा आणि मनगट यांतले अंतर कमी होऊन उसळी घटते. उजव्या हाताचा अंगठा खाली वाकवावा आणि डावा त्यावर आडवा टाकावा. डाव्या हाताची बोटे किंवा अंगठा पुढे, सिलिंडर आणि नळीच्या फटीजवळ कधीही जाऊ देऊ नये, कारण त्या फटीतून बाजूला निघणारा तप्त वायू कातडी फाडतो. पिस्तुलावर शिकून आलेल्यांना अंगठे पुढे ताणायची सवय असते, त्यांनी विशेष जपावे.

घोडा न चढवता चाप दाबताना तो लांब आणि जड लागतो, कारण तेच बोट सिलिंडर फिरवण्याचे आणि घोडा उचलण्याचेही काम करते. बोटाचे टोक त्याला पुरत नाही, पहिल्या पेराची घडी चापावर यावी. दाब एकसारखा, न थांबता, लिंबू पिळल्यासारखा द्यावा. अर्ध्यावर थांबून नेम सुधारून मग झटका देणे ही सर्वांची पहिली खोड असते. घोडा चढवून मारले की नेम ताबडतोब सुधारतो आणि नवखा त्यातच रमतो. ते रेंजपुरते ठीक आहे, परंतु घोडा चढवलेले शस्त्र घाबरलेल्या हातात अतिशय धोकादायक असते, म्हणून सरावातील मोठा भाग न चढवताच व्हावा.

अंतर पाच मीटरपासून सुरू करावे. यात कमीपणा मानू नये. आखूड नळीवर पुढची माशी आणि मागची खाच यांत जेमतेम १०० मिमी अंतर असते असे धरले, तर माशी एक मिलिमीटर बाजूला सरकल्याने दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर चुकते. लांब नळीच्या स्पर्धेच्या शस्त्रात हीच चूक निम्म्यावर येते. पाच मीटरवर सहाही गोळ्या तळहाताएवढ्या वर्तुळात बसू लागल्या की सातवर आणि मग दहावर जावे.

माझी स्वतःची फजिती येथे सांगतो, कारण ती जवळपास प्रत्येकाची असते. पहिल्या महिन्यात माझ्या सर्व गोळ्या डावीकडे खाली जात होत्या आणि मी ठामपणे माशीला दोष देत होतो. प्रशिक्षकांनी काही न बोलता शस्त्र मागून घेतले, पाठ फिरवून सिलिंडरमध्ये चार काडतुसे आणि दोन रिकाम्या पुंगळ्या मिसळून भरल्या आणि परत दिले. तिसऱ्यांदा चाप दाबला तेव्हा घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही, तरीही नळी दोन इंच खाली गेली, तीही डावीकडे. मागे उभे असलेले दोघे हसले. बार होण्याआधीच मनगट दचकून खाली दाब देत होते, आणि धक्क्याच्या आड ते लपले होते. त्या दिवसापासून दर वेळी मी कोणाकडून तरी सिलिंडर असाच भरून घेतो. घरी रिकाम्या शस्त्रात रबरी डमी काडतुसे घालून रोज दहा मिनिटे चाप दाबण्याचा सराव करावा, मात्र त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नसावे आणि समोर भक्कम भिंत असावी. चाळीतल्या फळीच्या किंवा पत्र्याच्या आडोशाला भिंत म्हणू नये.

चाप दाबूनही बार झाला नाही तर लगेच उघडण्याचा मोह आवरावा. नळी लक्ष्याकडेच ठेवून सावकाश तीस मोजावे, मग उघडावे, कारण क्वचित काडतूस उशिरा पेटते. आवाज फुसका वाटला आणि धक्का नेहमीपेक्षा कमी लागला तर पुढची गोळी मुळीच उडवू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फुटते. शस्त्र रिकामे करून रेंजच्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. घरी परतल्यावर काही खाण्याआधी हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे टाकावेत. बारातून उडणारे शिसे लहान मुलांसाठी घातक असते.

तिजोरी आणि पावसाळा

शस्त्र कुलूपबंद पेटीत, रिकामे, आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात, ही मांडणी सर्वांत बरी. लोखंडी कपाटाचा आतला कप्पा म्हणजे तिजोरी नव्हे, कारण त्याची किल्ली कोठे असते हे घरातल्या सर्वांना, कामाला येणाऱ्या बाईंनाही ठाऊक असते. भिंतीत बोल्टने घट्ट बसवलेली लहान तिजोरी घ्यावी. जी उचलून नेता येते ती तिजोरी चोराच्या सोयीचीच होते.

मुंबईतील शस्त्राचा खरा शत्रू हवा आहे. एका जुलैत मी चार दिवस कोकणात गेलो आणि शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्येच तिजोरीत ठेवून गेलो. परत आलो तेव्हा चामड्यावर पांढरी बुरशी आणि सिलिंडरच्या कडेला तांबूस ठिपके होते. चामडे दमटपणा धरून ठेवते, हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून शस्त्र तेलाचा पातळ हात देऊन सुती फडक्यात, होल्स्टरबाहेरच ठेवतो. तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि पावसाळ्यात त्या दर पंधरवड्याला बदलतो. काडतुसांना मात्र तेलाचा हात लावू नये, कारण ते बुडातील, घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोपीत झिरपून काडतूस निकामी करते. पितळेवर हिरवट डाग आलेली काडतुसे बाजूला काढून दुकानदाराला दाखवावीत.

रेंजवरून आल्यावर त्याच रात्री सफाई करावी. मोडून उघडणाऱ्या शस्त्रात ब्रश मागून घालता येतो. बाजूला उघडणाऱ्यात तो नळीच्या तोंडाकडूनच घालावा लागतो, तेव्हा तोंडाची कड घासली जाणार नाही एवढे पाहावे. कोठ्यांचे पुढचे तोंड आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या ताराकृती चकतीखालची काजळी हे दोन भाग सर्वांच्या नजरेतून सुटतात. तेथेच कचरा साठून सिलिंडर अडतो.

घराबाहेर

सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरमध्ये, कपड्यांखाली पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असावे, असा नियमच आहे. ते दाखवणे, त्याचा धाक घालणे हा गुन्हा ठरतो. परवाना सोबत असावा, कारण मागितल्यावर तो दाखवावा लागतो. विमानतळ, न्यायालय, मॉल, मेट्रो यांच्या तपासणी नाक्यांवर शस्त्रासह जाण्याचा विचारच करू नये, तसेच सायंकाळच्या विरार लोकलमध्ये कंबर चारही बाजूंनी दाबली जात असताना भरलेले शस्त्र बाळगणे वेडेपणाचे आहे. ते दिवस शस्त्र घरी ठेवण्याचे. दारू प्यायची असेल त्या दिवशीही घरीच.

लग्नाच्या वरातीत किंवा विसर्जनाच्या दिवशी हवेत बार काढण्याची हौस असलेल्यांनी लक्षात घ्यावे, की २०१९ पासून अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही आहेत. स्वसंरक्षणाचा अधिकार आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. तो गरजेपुरताच आहे, आणि पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी त्यात बसवणे कोणत्याही वकिलाला सोपे जाणार नाही. पार्किंगवरून किंवा सोसायटीच्या सभेतील भांडणात ज्याचा हात कमरेकडे वळतो त्याने शस्त्र जमा करून टाकावे.

निवडणूक आली की शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. कोणी जमा करायचे हे छाननी समिती ठरवते. नोटीस आली तर वेळेत जमा करून पोलीस ठाण्याची पोचपावती जपून ठेवावी, देताना शस्त्राची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि परत घेताना क्रमांक व अवस्था तेथेच तपासावी. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर त्याच दिवशी जवळच्या ठाण्यात तक्रार द्यावी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी दोन-तीन महिने करावा, कारण मुदत संपलेल्या परवान्यावरचे शस्त्र कायद्याच्या नजरेत विनापरवानाच असते.

शेवटचे काम बहुतेक जण पुढे ढकलतात. परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग हवे तर स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. मी परवान्याच्या फाइलमध्ये वरच एक कागद लावून ठेवला आहे. शस्त्राचा क्रमांक, तिजोरीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, कोणत्या ठाण्याला फोन करायचा आणि पोलिसांनाच घरी बोलवायचे, एवढे त्यावर लिहिले आहे. बायकोने तो वाचून सही केली आहे, आणि तिजोरीत हात घालायचा नाही ही शेवटची ओळ तिने स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिली आहे.